दोन उंचींवरचा संसार
(पाओलो कोन्येत्ती यांच्या ‘ले ओत्तो मोन्तान्ये’ या कादंबरीविषयी)

सुटी हा आयुष्याचा भाग मानावा की आयुष्यातून घेतलेली रजा मानावी, हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. वर्षाचे अकरा महिने नोकरी, शाळा, बाजार आणि आजारपणे यांत जातात; उरलेल्या थोड्या दिवसांत माणूस हवापालटासाठी कोठेतरी जातो आणि परत आल्यावर ‘बरे वाटले’ एवढेच सांगतो. परंतु घरी असताना घड्याळ आणि कामे यांच्या आड दडलेले पतिपत्नी सुटीच्या या मोकळ्या दिवसांत एकमेकांना प्रथमच नीट दिसतात. एकाला चालावेसे वाटते, दुसऱ्याला बसावेसे वाटते. एकाला शिखर हवे असते, दुसऱ्याला दारापुढचे अंगण पुरते. हा भेद क्षुल्लक वाटला तरी त्यात सबंध संसाराचा नकाशा असू शकतो. असा एक नकाशा इटालियन लेखक पाओलो कोन्येत्ती यांनी आपल्या ‘ले ओत्तो मोन्तान्ये’, म्हणजे ‘आठ पर्वत’, या कादंबरीत रेखाटला आहे.

ही कादंबरी तुरीन येथील एइनाउदी प्रकाशनाने २०१६ साली प्रसिद्ध केली. २०१७ साली तिला इटलीतील मानाचे स्त्रेगा पारितोषिक आणि फ्रान्समधील मेदिसी पारितोषिक मिळाले. पुढे २०२२ साली फेलिक्स व्हान ग्रोनिंगेन आणि शार्लोट व्हान्डरमेर्श या बेल्जियन दांपत्याने तिच्यावर चित्रपट काढला आणि कान महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचे पारितोषिक एका पोलिश दिग्दर्शकाच्या चित्रपटासह विभागून देण्यात आले. लेखकाचा जन्म १९७८ सालचा, मिलान शहरातला. त्याच्या बालपणीचे उन्हाळे आल्प्सच्या कुशीतील आओस्ता खोऱ्यात गेले आणि तिशीच्या सुमारास शहर सोडून तो पुन्हा त्याच खोऱ्यात डोंगरावर राहावयास गेला. कादंबरीतील अनुभव अंगावरून गेलेला आहे, हे तिच्या पानापानांतून जाणवते.

समीक्षकांनी आणि चित्रपटकारांनी या कादंबरीकडे मुख्यतः दोन मित्रांची कथा म्हणून पाहिले. ते चूक नाही. पिएत्रो हा शहरातून आलेला मुलगा आणि ब्रूनो हा गावातला गुराखी. त्यांची मैत्री हाच कथेचा कणा आहे. तथापि या मैत्रीला जन्म दिला तो एका दांपत्याच्या उन्हाळी सुटीने. पिएत्रोचे आईवडील दरवर्षी मोन्ते रोझा पर्वताच्या पायथ्याशी ग्राना नावाच्या गावी घर भाड्याने घेऊन राहिले नसते, तर ही कथा घडलीच नसती. माझ्या मते कादंबरीचे सर्वांत खोल पाणी या दांपत्याच्या सुटीत आहे. लेखकाने ते दाखविले आहे, पण त्याची खोली मात्र पुरती मोजलेली नाही. या लेखात मी तेवढ्याच गोष्टीचा विचार करणार आहे.

प्रथम कथासूत्र थोडक्यात सांगितले पाहिजे. पिएत्रोचे वडील मिलानच्या एका प्रचंड कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ आहेत. आई आरोग्यसेवेत काम करते. दोघेही मूळचे व्हेनेतो प्रांतातल्या खेड्यांकडचे, पोटासाठी शहरात आलेले. १९७२ साली त्यांचे लग्न झाले तेही डोलोमाइट पर्वतांत, ‘त्रे चिमे दि लावारेदो’ या तीन प्रसिद्ध सुळक्यांच्या पायथ्याशी. लग्नाला चार मित्र हजर होते, घरची वडीलधारी माणसे नव्हती. ती का नव्हती हे वाचकाला फार उशिरा कळते. आईचा भाऊ पिएरो हा वडिलांचा जिवलग मित्र होता. दोघे बरोबर डोंगर चढत. अशाच एका चढाईत हिमकडा कोसळला आणि त्यात पिएरो गेला, वडील वाचले. वाचलेल्या माणसाशी मुलीने लग्न करावे, हे तिच्या घरच्यांना सहन झाले नाही. अशा लग्नाचा मधुचंद्र संपल्यावर दोघे मिलानला आली आणि आपल्या डोंगरांना पारखी झाली.

पुढे त्यांना मोन्ते रोझा सापडतो. हवा स्वच्छ असली की हा पर्वत मिलानमधून दिसतो. ४,६३४ मीटर उंचीचे त्याचे मुख्य शिखर आल्प्समध्ये मों ब्लांच्या खालोखाल गणले जाते. शहरातील धुरात चिडखोर झालेला नवरा पर्वत पाहून पुन्हा माणसात येतो, हे आई ओळखते. १९८४ साली त्या पर्वताच्या पायथ्याचे गाव ती शोधून काढते. घर शोधते ती, सामान लावते ती, गावकऱ्यांशी बोलणे सुरू करते तीही. मुलाला घेऊन ती उन्हाळाभर तेथे राहते. वडील कामातून रजा मिळेल तेव्हा येतात आणि आल्या आल्या पायात चढाईचे बूट घालतात.

येथे लेखकाने एक अत्यंत सुंदर निरीक्षण नोंदवले आहे. प्रत्येक माणसाची डोंगरातील एक आवडती उंची असते, असा आईचा सिद्धान्त आहे. तिची उंची दीड हजार मीटरच्या आसपासची. तेथे सूचिपर्णी वृक्षांची राई असते, सावली असते, रानफळांची झुडपे असतात आणि हाकेच्या अंतरावर घर असते. मुलाला त्याहून वरची, झाडे संपून कुरणे आणि ओढे सुरू होतात ती जागा आवडते. वडिलांची उंची या सर्वांच्या पलीकडे आहे. जेथे गवतही उगवत नाही, केवळ दगड आणि बर्फ उरतो, तेथे गेल्यावर हा माणूस जागा होतो. चालण्याचे त्यांचे नियमही कडक आहेत. गती मोडावयाची नाही, बोलावयाचे नाही आणि वाट फुटली तर चढाची वाट धरावयाची. मात्र शिखरावर पोहोचताच त्यांचा उत्साह एकाएकी मावळतो आणि खाली उतरण्याची घाई सुरू होते.

हा माणूस शिखरावर काय शोधतो? कादंबरी याचे उत्तर सरळ देत नाही. पण पिएरोच्या मृत्यूची हकिगत कळल्यावर मागील सर्व पाने वेगळ्या प्रकाशात वाचावी लागतात. शिखरावर पोहोचताच ज्याचे समाधान ओसरते, त्याला मुळात शिखर नकोच असते. बरोबर निघालेला आणि बरोबर न परतलेला सोबती त्याला हवा आहे, आणि तो कोणत्याच शिखरावर भेटत नाही. प्रत्येक उन्हाळ्यात नवऱ्याने केलेली ही चढाई म्हणजे न बोलता केलेले प्रायश्चित्त आहे. बायको हे जाणते. मृत माणूस तिचाही सख्खा भाऊ होता! तरीही ती त्याला अडवीत नाही आणि त्याच्या मागे चढतही नाही. ती दीड हजार मीटरवर थांबते, चूल पेटती ठेवते आणि संध्याकाळी उतरून येणाऱ्या माणसाची वाट पाहते. एकाच दुःखाचे दोन वाटेकरी दोन उंचींवर आपापला वाटा सांभाळतात. संसार म्हणजे दोघांनी एकाच पायरीवर उभे राहणे, असे आपण सोयीसाठी म्हणतो. दोन वेगळ्या पायऱ्यांवर उभे राहूनही परस्परांना नजरेआड होऊ न देणे हाही संसारच आहे, हे या पानांतून जितक्या संयमाने प्रकट होते तितके मी अलीकडच्या कादंबऱ्यांत क्वचित पाहिले आहे.

मिलानच्या माणसाने मोन्ते रोझाच्या ओढीने शहर सोडणे ही गोष्ट उत्तर इटलीत जुनी आहे. आपल्या वाचकांना त्यातील एक उदाहरण विशेष वाटेल. मिलानच्या आम्ब्रोसियन ग्रंथालयात काम करणारे आकिल्ले रात्ती नावाचे एक धर्मगुरू होते. १८८९ साली त्यांनी याच पर्वताच्या अवघड पूर्व बाजूने मुख्य शिखर गाठले होते. हेच धर्मगुरू पुढे १९२२ साली परमगुरुस्वामी पायस अकरावे झाले. डोंगरात राहणाऱ्या व डोंगर चढणाऱ्या माणसांचे आश्रयदाते म्हणून त्यांनी १९२३ साली संत बर्नार्ड यांना घोषित केले. संत बर्नार्ड हे याच आओस्ता खोऱ्यातले. अकराव्या शतकात सुमारे २,४७० मीटर उंचीवरील खिंडीत त्यांनी प्रवाशांसाठी आश्रयगृह उभारले. ते आजही बाराही महिने उघडे असते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, चढणाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून ज्या संताची निवड झाली, त्याची ख्याती शिखर जिंकण्याबद्दल नाही. बर्फाच्या दिवसांत वाटेवर दार उघडे ठेवून थांबण्याबद्दल आहे.

कादंबरीतील आईकडे पाहताना मला या आश्रयगृहाची वारंवार आठवण झाली. ब्रूनो हा ग्रानामधला एकुलता एक मुलगा. तो गुरे राखतो, शाळेत मागे पडतो, त्याची आई अबोल आहे आणि बाप दूर आहे. पिएत्रोची आई त्याला आपल्या मुलाशेजारी बसवून शिकविते. तो मिलानला येऊन आपल्या घरी राहावा आणि शिकावा, अशी या दांपत्याची इच्छा होते. परंतु ब्रूनोचा बाप त्याला गवंडीकामावर घेऊन जातो आणि बेत मोडतो. या प्रसंगाचे चित्रण करताना लेखकाने कोणालाही खलनायक केलेले नाही. उन्हाळ्यात येणाऱ्या चांगल्या माणसांनी दाखविलेला जिव्हाळा खरा असला, तरी सप्टेंबर लागताच त्यांचे घर बंद होते. मागे राहिलेल्या मुलाचे पुढे काय होते, हे पाहावयास तेथे कोणी नसते.

आल्प्सच्या उन्हाळी सुटीची ही मूळचीच मर्यादा आहे. लंडनमध्ये १८५७ साली आणि तुरीनमध्ये १८६३ साली गिर्यारोहकांच्या संस्था निघाल्या. लेस्ली स्टीफन या इंग्रज लेखकाने १८७१ साली आपल्या आल्प्सविषयक पुस्तकाला ‘युरोपचे क्रीडांगण’ अशा अर्थाचे नाव दिले. ज्या उतारावर गावकरी गवत कापीत आणि गुरे हाकीत, तो उतार पाहुण्यांच्या दृष्टीने क्रीडांगण ठरला. पुढे इटलीत कारखाने ऑगस्टमध्ये बंद राहू लागले आणि १५ ऑगस्ट, म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, हा उन्हाळी सुटीचा मध्यबिंदू झाला. शहरे ओस पडू लागली आणि डोंगर भरू लागले. पण हा गजबजाट काही आठवड्यांचा. उरलेले वर्ष गाव एकटे असते. मोठेपणी शहरी मित्रांनी ‘निसर्गा’चे गोडवे गाताच ब्रूनो त्यांना सुनावतो, त्याचा रोख हाच आहे. निसर्ग हा शब्द पाहुण्यांचा आहे. तेथे राहणाऱ्याला रान ठाऊक असते, ओढा ठाऊक असतो, कुरण ठाऊक असते. ज्याकडे बोट दाखवता येईल आणि ज्याचा उपयोग होईल, त्याला नाव असते. एका संवादात लेखकाने स्वतःच्याच जातीच्या माणसांची, म्हणजे हौशी शहरवासीयांची, झडती घेतली आहे. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे.

कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिला बालपणीच्या डोंगराचा, दुसरा सलोख्याच्या घराचा आणि तिसरा मित्राच्या हिवाळ्याचा. तारुण्याच्या उंबरठ्यावर पिएत्रो वडिलांबरोबर चढण्याचे नाकारतो आणि बापलेकांत वर्षानुवर्षांचा अबोला पडतो. वडील ६२व्या वर्षी वारतात, तेव्हा मुलगा ३१ वर्षांचा असतो. मग त्याला कळते की, आपल्या गैरहजेरीत ब्रूनो वडिलांबरोबर चालत होता. घरातील नकाशावर वडिलांच्या, त्याच्या स्वतःच्या आणि ब्रूनोच्या वाटा निरनिराळ्या रंगांत आखलेल्या आहेत. शिखरांवरील क्रूसापाशी ठेवलेल्या पेटीतील वह्यांतून वडिलांचे हस्ताक्षर त्याला भेटते. जो माणूस जेवणाच्या टेबलावर बोलू शकला नाही, तो तीन हजार मीटरवर जाऊन लिहीत होता! वडिलांनी त्याच्यासाठी बार्मा नावाच्या जागी एक पडके घर ठेवले आहे. दोन मित्र उन्हाळाभर राबून ते उभारतात. दगड वाहणे, तुळया चढविणे, छप्पर घालणे यांची वर्णने इतकी अचूक आहेत की वाचकाच्या हाताला घट्टे पडावेत. मृत पित्याशी मुलाचा समेट येथे शब्दांवाचून होतो. हा भाग कादंबरीचा कळस आहे.

शेवटच्या भागाविषयी मात्र माझे मत तितके अनुकूल नाही. पिएत्रो लघुपट काढण्यासाठी नेपाळला जातो. तेथे एक वृद्ध माणूस जमिनीवर आकृती काढून त्याला विश्वाची रचना सांगतो. मध्ये सुमेरू, त्याच्या भोवती आठ पर्वत आणि आठ समुद्र. मग प्रश्न येतो. आठही पर्वत हिंडलेल्याला अधिक कळले की सुमेरूचे शिखर गाठलेल्याला? पिएत्रो हिंडणारा ठरतो आणि आपला डोंगर न सोडणारा ब्रूनो सुमेरूवरचा. कादंबरीचे नाव याच प्रश्नावरून घेतले आहे. मेरूची ही कल्पना आपल्याकडच्या वाचकाला नवी नाही. जपमाळेतला मेरुमणी ओलांडावयाचा नसतो, हे आपल्या शेजारघरातील आजीही सांगेल. इटालियन वाचकाला या दृष्टान्ताने जेवढी भुरळ पडली असेल, तेवढी आपल्याला पडणार नाही. नेपाळची पाने मला कादंबरीत सर्वांत विरळ वाटली. दृष्टान्त उसना आणला आहे आणि पात्रे त्याच्या साच्यात बसविली आहेत, असे तेथे जाणवते.

याहून गंभीर आक्षेप असा की, हा प्रश्न फक्त पुरुषांना विचारला आहे. भटकणारा आणि चढणारा या दोहोंखेरीज तिसरा प्रकार लेखकाला दृष्टान्तात सुचत नाही. वास्तविक तो त्याने पहिल्याच भागात जिवंत उभा केलेला आहे. पिएत्रोची आई आठ पर्वत हिंडलेली नाही आणि सुमेरूही चढलेली नाही. भाऊ गमावल्यावर, माहेर तुटल्यावर, नवरा अबोल झाल्यावर आणि मुलगा दुरावल्यावर या सर्वांमधील धागा तिने तुटू दिला नाही. नवऱ्यानंतरही ती ग्रानाला येत राहते. मित्रांची खबर मित्रांना तिच्याकडूनच कळते. पिएरोची हकिगत मुलाला सांगून वडिलांचा उलगडा करून देणारीही तीच. असे असूनही कादंबरीच्या उत्तरार्धात ती पार्श्वभूमीला जाते. ब्रूनोबरोबर उन्हाळी कुरणावर संसार मांडणाऱ्या लाराचीही तीच गत. दोघे गाई पाळतात, चीज तयार करतात, त्यांना मुलगी होते. कर्ज वाढते तेव्हा हिशेबाच्या वहीत खरी परिस्थिती लारा पाहते, ब्रूनो पाहत नाही. अखेर ती मुलीला घेऊन निघून जाते. तिच्या त्या निर्णयामागच्या रात्री लेखकाने लिहिल्या असत्या, तर कादंबरीला आणखी एक उंची लाभली असती.

ब्रूनोचा शेवट हिवाळ्यात होतो. पाहुण्यांच्या मदतीला न धावणारा, पाहुण्यांना ठाऊकच नसलेला हा ऋतू. सर्व काही गेल्यावर तो उन्हाळ्यात बांधलेल्या त्या घरात एकटा राहतो आणि बर्फ त्याला परत देत नाही. येथे कथेचे वर्तुळ पूर्ण होते. पिएरो बर्फात गेला, ब्रूनोही बर्फातच गेला. वडिलांच्या वाट्याला जे आले होते, ते मुलाच्या वाट्याला येते. मित्र गेला, आपण उरलो. पिएत्रोने पुढे कसे जगावे याचे उत्तर लेखक सुमेरूच्या दृष्टान्तात शोधतो. मला ते त्याच्या आईवडिलांच्या सुटीत दिसते. मित्र गमावलेल्या माणसाशी एका स्त्रीने लग्न केले, त्याला त्याचे डोंगर परत मिळवून दिले आणि तो चढत असताना ती खाली दिवा लावून बसली. उरलेल्या माणसाने जगावे कसे, याचा धडा मुलाने लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात पाहिला होता.

चित्रपटाविषयी दोन शब्द. दिग्दर्शकांनी रुंद पडदा टाळून जुन्या पद्धतीची जवळजवळ चौकोनी चौकट वापरली आहे. त्यामुळे पर्वत पसरट चित्रासारखे दिसत नाहीत, उंची डोळ्यांत भरते आणि माणूस त्यापुढे नेमका तेवढाच दिसतो. लुका मारिनेल्ली आणि आलेस्सांद्रो बोर्गी यांनी दोन मित्रांच्या भूमिका समजून केल्या आहेत. तथापि पडद्यावर मैत्रीचाच पट मोठा होतो. आईवडिलांच्या संसाराचा पट वाचण्यासाठी पुस्तकाकडेच वळावे लागते.

या कादंबरीची इंग्रजी आवृत्ती उपलब्ध आहे. तिची भाषा साधी आहे, प्रकरणे लहान आहेत आणि घरातील मोठ्या मुलांनाही ती वाचता येईल. वाचताना मात्र पहिल्या भागावरून घाईने पुढे जाऊ नये. शिखराकडे निघालेल्या वडिलांच्या मागे आपलीही नजर सहज वर जाते. तशी ती गेली, तरी अधूनमधून मागे वळून दीड हजार मीटरवरच्या त्या रानाकडे पाहावे. तेथे झाडांच्या सावलीत एक बाई गावातल्या गुराख्याला वाचावयास शिकवीत बसली आहे आणि वरून कोणी उतरते आहे का, याकडे तिचे लक्ष आहे.